बत्तिसावा चौकोन

"थांबा" म्हणायचं काम मी २२ वर्षं करतेय. माणसाचं डोकं किती भराभर चालतं ते बघायच्या चाचण्या घेते मी. घड्याळात ९० सेकंद झाले की मी "थांबा" म्हणते, समोरचा माणूस पेन्सिल खाली ठेवतो, त्याने शेवटी भरलेल्या चौकोनापुढे मी एक उभी रेघ मारते आणि कागद माझ्याकडे ओढून घेते. बहुतेक जण निमूट थांबतात. काही हुश्श करतात. मागच्या आषाढात समोर बसलेले एसटीचे कंडक्टर मात्र थांबले नाहीत. "थांबा" ऐकून त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, परत मान खाली घातली आणि हातातलं अर्धं चिन्ह पुरं केलं. मग पेन्सिल कागदाच्या कडेला सरळ लावून ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, एवढं एक धरा की."

"नाही धरता येत हो. वेळ संपली."

"अर्धं तर तुमच्या टायमातच झालेलं."

"अर्धं नसतं यात."

"मग अर्धं तिकीट फाडा."

मी हसले, तेही हसले. दाराशी स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोला काही हसू आलं नाही. मी ३१ व्या चौकोनापुढे रेघ मारली. बाहेर पाऊस इतका जोरात होता की पत्र्याच्या शेडवर कुणी तांदूळ ओततंय असं वाटत होतं. त्या दिवशी आणखी चार जणांची तपासणी झाली, रिपोर्ट लिहिले, घरी येऊन गवार निवडायला बसले. आणि गवारीच्या शिरा काढता काढता पुन्हा तेच. एवढं एक धरा की. एका गुणाने काही बदलणार नव्हतं. ३१ काय आणि ३२ काय, त्यांच्या वयाच्या आणि बारावी झालेल्या माणसाच्या मानाने दोन्ही कमीच. हे मला ठाऊक होतं. तरी ते चिन्ह रेघेच्या पलीकडे ठेवताना आपण काहीतरी हिसकावून घेतलं, असं वाटत राहिलं.

(माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इथे तपशील इकडचे तिकडे केलेत. हट्ट मात्र ज्याचा त्याचाच आहे.)

कागद अगदी साधा असतो. वरच्या ओळीत १ ते ९ आकडे, प्रत्येकाखाली एक लहानसं चिन्ह. खाली नुसत्या आकड्यांच्या ओळी आणि रिकामे चौकोन. ज्या आकड्याखाली जे चिन्ह, ते भरत जायचं, जमेल तेवढं भराभर. चौथीतल्या मुलालाही समजेल आणि समजतंही. म्हणूनच मोठी माणसं हा कागद बघून आधी जरा दुखावतात: यासाठी बोलावलं होय? मग पेन्सिल हातात घेतात, आणि डोळा वर-खाली, वर-खाली करता करता वीस-पंचवीस सेकंदांत त्यांच्या लक्षात येतं की आपलं काहीतरी अडकतंय. कंडक्टरसाहेबांच्या कपाळावर तेव्हा घाम आला होता. पावसात, पंख्याखाली.

रात्री घरी परतताना ओल्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली होती. हेल्मेट डिकीत. काही तास बेशुद्ध, मग बारा दिवस वॉर्डात. चालता-बोलता आलं, नावगाव सांगता आलं, शेवटचं स्कॅन "नॉर्मल" आलं. गावात सगळे म्हणाले, वाचला, देवाची कृपा. बायको मात्र म्हणत होती, "हे पहिल्यासारखे नाहीत." नेमकं काय, तर सांगता येत नव्हतं. टीव्ही चालू असला की यांना बोललेलं कळत नाही. दोघं एकदम बोलली की उठून ओट्यावर जाऊन बसतात. कुकरची शिट्टी झाली की चालू वाक्य सुटतं. डोकं जोरात हिसकलं की कवटीच्या आत मेंदूही हिसकतो, आणि त्याच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे जाणारे लांबच लांब तंतू ताणले जातात. साध्या स्कॅनमध्ये हे अनेकदा दिसत नाही. पुलाला तडा नाही, इमारतीला भेग नाही, फक्त सगळ्या वाड्यांकडे जाणाऱ्या पायवाटा उखडल्यात. निरोप पोचतो, पण उशिरा.

आणि कंडक्टरचं काम म्हणजे काय ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. उभ्या गर्दीतून सरकत जायचं, "पुढं सरका, पुढं सरका", एकाला उंब्रज, दुसऱ्याला कराड दोन फुल एक हाफ, त्याचे टप्पे, पाचशेची नोट, "सुटे काढा ताई", मागच्याचे उरलेले पैसे तिकिटामागे लिहून द्यायचे, तेवढ्यात शाळेच्या पोराचा पास, तेवढ्यात थांबा आला, एक घंटी, लोक चढले, दोन घंट्या. आता हातात मशीन असतं, हिशेब तेच करतं. पण कोण कुठे चढला आणि कुणाचे किती द्यायचे राहिले, ते मशीनला ठाऊक नसतं. "पंचवीस वर्षांत माझा कॅश कधी कमी आला नाय," ते म्हणाले होते. त्यात फुशारकी नव्हती. ओळखपत्र दाखवावं तसं त्यांनी ते वाक्य दाखवलं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला डोरोथी ग्रॉनवॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. डोक्याला मार लागलेला माणूस कामावर परत कधी पाठवावा, हा त्यांचा प्रश्न होता. १९७७ मध्ये त्यांनी एका चाचणीवर निबंध लिहिला, ती आज जगभर चालते आणि जगभर लोक तिला शिव्या घालतात. ध्वनिमुद्रणावर एकेक आकडा ऐकू येतो. प्रत्येक आकडा त्याच्या लगेच आधीच्या आकड्यात मिळवायचा आणि उत्तर मोठ्याने सांगायचं. ३, मग ५: आठ. मग ४ ऐकू आला की उत्तर नऊ, कारण ५ आणि ४. पण तोंडात असतं आठ, म्हणून माणूस म्हणतो बारा. म्हणजे बेरीज अवघड नाहीच, आपण आत्ताच मोठ्याने बोललेलं आपलंच उत्तर पुसून टाकायचं, हे अवघड. असे ६१ आकडे, ६० उत्तरं. मूळ चाचणीत दोन आकड्यांमधलं अंतर आधी २.४ सेकंद, मग २, मग १.६, शेवटी १.२. आमच्याकडचं मराठी मुद्रण एका सहकाऱ्याच्या आवाजात आहे. तेव्हा त्याला सर्दी झाली होती. इतकी वर्षं झाली, तो रिटायर झाला, पण त्याची सर्दी अजून आमच्या खोलीत रोज ऐकू येते.

शिकत असताना आम्हाला ही चाचणी एकमेकांवर करून बघायला लावली होती. पहिल्या वेगाला मी ऐटीत होते. चौथ्याला तळहात ओले. सात, अकरा, मग काहीच नाही, आणि तो आवाज थांबतच नाही, आकडे येतच राहतात. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उगाचच पाणी प्यायला गेले. माझा मेंदू शाबूत होता. कंडक्टरसाहेबांनी सगळ्यात संथ वेगाला दहाबारा उत्तरं दिली आणि मग गप्प झाले. मुद्रण बंद केल्यावर म्हणाले, "एक चुकलं की बस सुटल्यागत होतंय. पुढची धरायला पळावं लागतं, तवर तीबी सुटती." ग्रॉनवॉल बाईंचा सगळा निबंध वाचून मला जे कळलं होतं, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मी ते रिपोर्टात जसंच्या तसं लिहिलं. अशा वाक्याला गुण नसतात, म्हणून वरच्या कोपऱ्यात लिहिलं.

आकड्यांचं मराठीत एक वेगळंच प्रकरण आहे. शंभरातून सात सात वजा करत जा, असं सांगितलं की जुनी माणसं त्र्याण्णव, शहाऐंशी करत सुरळीत उतरतात. पावकी-निमकी घोकलेल्या एका आजोबांनी पक्षाघातानंतरही मला या शिडीवरून तळापर्यंत नेलं होतं. आणि वीस-बावीसची धडधाकट पोरं एकोणऐंशीपाशी ठेचकाळतात. अंक कळतो, शब्द सापडत नाही. मनात सेव्हंटी नाइन, त्याचं मराठी शोधण्यात दोन सेकंद जातात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हटल्यावरून केवढा गदारोळ झाला होता. मी त्या वादात नव्हते, पण माझ्या टेबलावर तो वाद रोज होतो, घड्याळ लावून. ते दोन सेकंद मेंदूचे की माध्यमाचे? म्हणून मी आता आधी विचारते, "आकडे कुठल्या भाषेत मोजता?" काही जण गोंधळून बघतात. हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलेला नसतो.

माणूस हळू आहे हे मोजायची खोड तशी जुनी. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी किनब्रूक नावाच्या मदतनिसाला कामावरून काढलं. दुर्बिणीतून तारा एका बारीक उभ्या तारेला ओलांडताना डोळ्यांनी बघायचा, त्याच वेळी कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे, असं काम. किनब्रूकची नोंद साहेबांच्या नोंदीपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशाने मागे पडायची. गेली नोकरी. नंतर बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हे प्रकरण वाचून इतरांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा निघालं की कुठल्याही दोघांच्या वेळा जुळत नाहीत. साहेबाचं घड्याळ बरोबर, हे आधी धरलेलं होतं, एवढंच. पुढे १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा मानत. निघाला सेकंदाला तीसेक मीटर. म्हणजे ताशी शंभरएक किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीपेक्षा थोडा जास्त.

मग माणसं हा वेग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात शिरली. क्रेपेलिन हा जर्मन मनोविकारतज्ज्ञ तरुणपणी लाइपझिगला वुंट या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत होता. पुढे लोकांना एकेरी आकड्यांच्या रकानेच्या रकाने बेरजा करायला लावून थकवा किती येतो, चहाने काय होतं, दारूने काय होतं ते बघायचा. आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो त्याचं पहिलं नीट वर्णन त्याचंच, आणि त्यात भ्रमांबरोबर लक्ष न टिकण्याबद्दलही लिहिलेलं आहे. तरी पुढे बराच काळ डॉक्टरांचं आणि नातेवाइकांचं सगळं लक्ष आवाज ऐकू येण्याकडे, संशयाकडे राहिलं. साहजिक आहे. रात्री दोन वाजता मुलगा भिंतीशी भांडत असेल तर त्याचा चहा प्यायचा वेग कोण मोजत बसेल?

तो मुलगा याच कंडक्टरांच्या नंतरच्या आठवड्यात आला होता. २४ वर्षांचा, इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सुटलेलं, आवाज बंद होऊन वर्ष झालेलं. आई शाळेत शिक्षिका. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मॅडम, आवाज बंद झालेत ना? मग आता आंघोळीला दोन तास का लागतात? मुद्दाम करतो. सांगितलं की हो म्हणतो आणि बसून राहतो." मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्यापुढे तोच कागद ठेवला. त्याने भरलेलं प्रत्येक चिन्ह छापल्यासारखं होतं, एकही चूक नाही. आणि ९० सेकंदांत कंडक्टरसाहेबांपेक्षाही दोन कमी.

घाईघाईने निष्कर्ष काढायची इथे चोरी असते. गोळ्यांनी हात जड झालेला असतो. हात थरथरू नये म्हणून दिलेली दुसरी गोळी स्मरणशक्तीवर बसते. म्हणून आणखी एक कागद असतो: आकड्यांची भानगड नाही, समोर दिसतं ते चिन्ह खाली नुसतं उतरवायचं. त्यातून हाताचा वेग कळतो, तो वजा करून उरतं ते डोक्याचं. मुलाचा हात बऱ्यापैकी चालत होता. मग पडद्यावर अक्षरं दाखवली, एका ठरावीक अक्षरानंतर एक्स आला तरच बटण दाबायचं. ही चाचणी १९५६ मध्ये निघाली ती मेंदूला इजा झालेल्यांसाठी, पुढे स्किझोफ्रेनियाकडे आली. त्याने चुकीचं बटण एकदाही दाबलं नाही; बरोबर वेळीही बऱ्याचदा दाबलं नाही. दार उघडायला जावं आणि पाहुणा जिना उतरून गेलेला असावा, तसं. २००७ साली अमेरिकेत ३७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्किझोफ्रेनियात सगळ्यात जास्त मार खाल्लेली चाचणी निघाली ती हीच, आकडे आणि चिन्हांची. स्मरणशक्तीच्या भारी भारी परीक्षांपेक्षाही. पोरांच्या खेळासारखा कागद.

दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही. माणसं शेजारी बसवली तर लगेच कळेल. कंडक्टरांना आपला जुना वेग पाठ होता, त्यांना तो अपघाताच्या तारखेपर्यंत आठवत होता आणि ते सतत त्याच्याशी स्वतःला ताडून बघत होते. त्या मुलाचं असं एका रात्रीत काही झालं नव्हतं. आवाज यायच्या कितीतरी आधीपासून, अकरावी-बारावीपासूनच, वही अर्धी राहायची, मित्र बोलून पुढे जायचे आणि याचं उत्तर मागून यायचं. त्याचा असा "पहिल्यासारखा" "मी"च नव्हता. त्याला विचारलं, "हळू होतंय असं वाटतं का?" बराच वेळ गेला. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले, तेव्हा तो म्हणाला, "बाकीचे फास्ट आहेत."

आईंना मी कागद दाखवून समजावलं. ऐकलं, चष्मा काढून पदराने पुसला. "म्हणजे आळशी नाहीये तो."

"नाही."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. आमच्या धंद्यातला हा एक आवडता क्षण असतो, आकड्याने माणसाची बाजू घेतल्याचा. त्या म्हणाल्या, "आळस असता तर कधीतरी गेला असता हो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सराव, ठरलेली दिनचर्या, एका वेळी एकच सूचना, हे सगळं मी सांगितलं, आणि ते खोटं नाही, त्याने खरंच फरक पडतो. पण त्यांच्या वाक्याला ते उत्तर नव्हतं.

आपल्याकडे हळूपणाला कुणी नुसतं हळूपण राहू देत नाही. "मंद" ही शिवी आहे. वारा मंद असला तर छान, दिवा मंद असला तर छान, मंद आचेवर शिजलेली आमटी तर काय विचारता. पोरगं मंद निघालं की संपलं. शनीलाही पत्रिकेत मंद म्हणतात, कारण तो सावकाश फिरतो, आणि तोच नेमका सगळ्यांना नकोसा. आमच्या घरी बाबा स्टोव्हला पंप मारता मारता तोंडी गणितं घालायचे. सव्वा रुपयाला डझन तर पाच डझन कितीला? आधी उत्तर देईल त्याला लिमलेटची गोळी. माझं उत्तर बरोबर असायचं, पण दादाच्या नंतर. दादा कधीकधी चुकायचा, तेव्हा गोळी मला मिळायची, पण तिची चव वेगळी लागायची, उरलेली. रॉकेलचा वास आला की अजून मला घाई होते. आणि मी पोटासाठी पत्करलं काय, तर स्टॉपवॉच. पूर्वी माझ्याकडे टिकटिक करणारं स्टीलचं होतं. लोक कागदाऐवजी त्याच्याकडेच बघायचे, म्हणून आता बिनआवाजाचं घेतलंय. तेही टेबलाखाली, मांडीवर धरते.

सहा महिन्यांनी, थंडीत, कंडक्टरसाहेब फेरतपासणीला आले. आता डेपोत ऑफिसात बसत होते, टेबलावरचं काम. येण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांची फाइल काढली होती. पिवळट कागद, माझी उभी रेघ, आणि रेघेच्या पलीकडे ते एक चिन्ह. तेव्हा तपासलंच नव्हतं. रेघेपलीकडचं तपासायचं नसतं. वरच्या ओळीतल्या आकडे-चिन्हांशी ताडून पाहिलं. चुकलेलं होतं. शेजारच्या आकड्याचं चिन्ह तिथे काढलं होतं.

या वेळी कागद दुसरा दिला, तोच दिला तर जुन्या सरावाचा गुण मिळतो. ९० सेकंद. "थांबा." ते लगेच थांबले, पेन्सिल सरळ लावून ठेवली. ३८. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी विचारलं, "मॅडम, मागल्या टायमाला ते एक धरलंवतं का नाय?"

खोटं बोलायचा मोह झाला. मग म्हटलं, "नाही धरलं. पण खरं सांगू? ते चुकलं होतं."

"चुकलंवतं?"

मी फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बोट ठेवून वरची ओळ पाहिली, खालचा चौकोन पाहिला, पुन्हा वरची ओळ. घाई केली नाही, मीही केली नाही. मग दाराकडे वळून बायकोला म्हणाले, "अगं, ते चुकलंवतं. आन् मी सहा महिने यांच्याशी मनात भांडतोय."

त्या माउलीला त्या दिवशी मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मनात कुठलं," ती म्हणाली, "रोज मला ऐकवत होते."